शिडाच्या बोटीवरचा स्वयंपाक: ओहोटीला काय गोळा करायचं आणि शाळूच्या भाकरीबरोबर कसं खायचं

आमच्या विट्यातनं जो मोठा रस्ता जातो त्याला सगळे गुहागर-विजापूर म्हणतात. शाळेत असल्यापासून मला त्या नावातल्या गुहागरचं फार वेड होतं, कारण आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसायचं आणि तोच रस्ता पश्चिमेला धरला की कराड, पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि शेवटाला समुद्र, नुसतं पाणीच पाणी. आता सहा वर्षं झाली, मी आणि कराडच्या एका मित्रानं मिळून एक जुनी २४ फुटी शिडाची बोट घेतलीय. दिवाळी झाली की ती पाण्यात जाते, मे महिन्यात पावसाच्या आधी वर काढतो, आणि मधल्या काळात जमेल तसं आठ-पंधरा दिवस तिच्यावरच राहायचं, झोपायचं तिथं, शिजवायचं तिथं.

गावाकडं आलो की पहिला प्रश्न ठरलेला, तिथं खाता काय? रोज रोज तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहितोय, आणि हे मुद्दाम घाटावरच्या माणसासाठी लिहितोय. कोकणातल्या माणसाला यातलं निम्मं आईच्या मागं फिरतानाच कळलेलं असतं. आपल्याला ते एकेक करून शिकावं लागतं आणि चुकीचं शिकलं तर जिवावर बेततं.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का करा. समुद्रावर पोट भरायला जायचं नाही. पीठ, चटणी, डाळ, तेल घरचं, आणि ताटातली एक वस्तू किनाऱ्यावरची, एवढंच. त्यामुळं ओहोटीला काही मिळालं नाही तरी जेवण होतं, आणि जेवण होणार हे माहीत असलं की माणूस शंका असलेली गोष्ट उचलत नाही, लाट बघून मागं फिरतो. मी किनाऱ्यावर जेवढ्या लोकांना अडचणीत आलेलं बघितलंय ते सगळे हावेनं आणखी थोडं, आणखी थोडं करत पुढं गेलेले.

घरून काय न्यायचं

दोन माणसं, दहा दिवस, असं धरून सांगतो. शाळूचं पीठ ५ किलो, दळून आणल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, नाहीतर कोकणातल्या दमट हवेत चौथ्या दिवशी वास मारतो. कांदा-लसूण चटणी अर्धा किलो, शेंगदाण्याची चटणी तेवढीच, तूरडाळ १ किलो, तांदूळ ३ किलो, हुलग्याचं पीठ अर्धा किलो कारण रात्री दमून आलं की माडग्यासारखं दुसरं काही नाही. सांगलीची हळद, सुकं खोबरं, लसणाच्या गड्ड्या, कांदे ४ किलो, तासगावचे बेदाणे एक पुडा. पहिल्या तीन दिवसांसाठी आईच्या हातच्या कडक भाकरी. आमसुलं मात्र तिकडंच घ्या, गुहागरच्या बाजारात चांगली मिळतात.

पाणी सगळ्यात महत्त्वाचं. पिण्याला आणि शिजवायला मिळून माणशी रोज ४ लिटर धरा, म्हणजे २० लिटरचे चार कॅन, आणि वर एक कॅन राखीव जो कुणीही फोडायचा नाही. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची आणि शेवटी वाटीभर गोड्या पाण्यानं विसळायची. खुल्या समुद्राचं पाणी लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ घेऊन येतं, म्हणून बटाटे किंवा शिंपल्या उकडायला एक भाग खारं आणि दोन भाग गोडं पाणी घेतलं तर वेगळं मीठ लागतच नाही. पण हे खुल्या समुद्रातलं पाणी, बंदराच्या किंवा खाडीच्या आतलं नाही.

हत्यारं फार नकोत. जाड तळाचे जुने बूट, चप्पल अजिबात नाही. जाड हातमोजे, एक आखूड मजबूत सुरी, एक छोटा टोकदार हातोडा, विणलेली प्लास्टिकची बादली, गोणपाट, सुतळी. शिट्टी गळ्यात आणि फोन पिशवीत बंद करून.

गॅसबद्दल दोन वाक्यं, पण ही दोन सगळ्यात नीट वाचा. घरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून निदान बाहेर जायला वाट देता येते, बोटीत गळला तर तळाशी साठून राहतो आणि नंतर एका काडीनं सगळं संपतं. म्हणून सिलेंडर छोटा ५ किलोचा आणि डेकवर मोकळ्या हवेत बांधलेला, आणि प्रत्येक वेळी शेगडीच्या बटणावर न थांबता सिलेंडरचाच कॉक बंद करायचा. शेगडीभोवती कठडा पाहिजे नाहीतर शेजारून मच्छीमारांची मोठी बोट गेली की कुकर अंगावर येतो. शक्यतो कुकरच वापरायचा, झाकण लागलेलं असतं म्हणून सांडत नाही आणि गॅसही वाचतो.

पंचांग आणि वारा

ही खरी पायरी आहे, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

दाभोळ खाडीच्या तोंडाशी आम्ही पहिल्या वर्षी नांगर टाकून होतो तेव्हा काठावरच्या एका मावशींनी मला विचारलं, आज तिथी काय? मी फोनमध्ये भरतीचं टेबल शोधत होतो आणि त्यांनी बोटावर हिशेब करून वेळ सांगितली सुद्धा. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा धरायचे, सव्वा अकरा. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. माझ्या आजोबांना पाऊणकी तोंडपाठ होती, धान्य मोजायला वापरायचे, ती समुद्रावर चालते हे त्यांना कळलं असतं तर फार आनंद झाला असता. यात अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतो, म्हणून फोनवरच्या किंवा बंदरातल्या टेबलाशी ताडून बघाच, पण फोनला रेंज नसेल तिथं हाच हिशेब कामाला येतो.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली, एरवी पाण्याखाली असणारे खडक आणि वाळू उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार हलत नाही, त्या तीन-चार दिवसांत खडकांवर जाण्यात अर्थ नाही, गळ टाकून बसा.

आता वारा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटे जमिनीकडनं समुद्राकडं मतलई वारा असतो, हलका, पाणी सपाट. अकरा-बारानंतर समुद्राकडनं खारा वारा सुटतो आणि दुपारी दोनपर्यंत खडकांवर लाटा फुटायला लागतात. म्हणजे खडकावरचं काम सकाळीच झालं पाहिजे.

हे दोन्ही जुळवा. पौर्णिमेलाच गेलात तर ओहोटी पहाटे साडेपाचला, अंधारात, आणि दुसरी संध्याकाळी साडेपाचला, तोपर्यंत वारा सुटलेला. पण द्वितीयेला पूर्ण ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास, तृतीयेला साडेआठ, चतुर्थीला सव्वानऊ. उधाण अजून चालू आहे, उजेड आहे, वारा जमिनीकडचा आहे. महिन्यातनं दोनदा येणारे हे तीन-तीन दिवस म्हणजे आमची सुगी. विट्यातनं निघतानाच मी कॅलेंडरवर द्वितीया बघून दिवस ठरवतो, रजा नंतर टाकतो.

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास उतरायचं, उतरत्या पाण्याच्या मागं मागं पुढं जायचं, आणि पाणी फिरलं की आपण फिरायचं. मावशींचं वाक्य होतं, पाणी फिरलं की बादली किती भरली ते बघायचं नाही. भरतीचं पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे पहिला तास काहीच होत नाही असं वाटतं आणि मग दोन तासांत निम्मं पाणी येतं. आम्ही पहिल्या वर्षी यातच फसलो, रबरी होडी खालच्या दगडाला बांधली होती, वर फिरत राहिलो, परत आलो तर दगड पाण्याखाली, दोरी ताणलेली आणि होडीचं नाक पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात लाटा खात सुरीनं दोर कापावा लागला. तेव्हापासून होडी उचलून भरतीच्या रेषेच्या वर ठेवतो आणि फोनला ओहोटीच्या वेळेचा गजर लावतो. समुद्राकडं पाठ करून वाकायचं नाही, हे दोघांनीही पाळायचं.

काय उचलायचं नाही

शिंपल्या, कालवं, शिनाणे हे सगळे पाणी गाळून खाणारे जीव. पाण्यात जे आहे ते त्यांच्या अंगात साठतं, मग ते गावाचं सांडपाणी असो, कारखान्याचं असो की बोटींचं डिझेल असो. शिजवल्यानं जंतू मरतात पण रसायनं जात नाहीत. म्हणून मी खाडीच्या आतलं, जेटीजवळचं, नाल्याच्या तोंडाजवळचं असलं काहीही उचलत नाही, रात्री मुक्काम खाडीत पण शिंपल्या खुल्या किनाऱ्यावरच्याच.

समुद्राचं पाणी तांबूस, हिरवट किंवा दाट चॉकलेटी दिसत असेल, किंवा रात्री लाटा निळ्या चमकत असतील, तर ते बघायला फार सुंदर आहे, पण त्या आठवड्यात आणि पुढं दोन-तीन आठवडे शिंपल्या बंद. पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढलेलं असतं, त्यातल्या काही जातींचं विष शिंपल्यांत साठतं, ते उकळून जात नाही, चवीला कळत नाही. चमकणारं प्रत्येक पाणी विषारी असतं असं नाही, पण डोळ्यांनी ते वेगळं ओळखता येत नाही म्हणून मी सगळंच टाळतो. १९८३ साली मंगळूर भागात अशा शिंपल्यांनी विषबाधा झाली होती. खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटं मुंग्या आल्यासारखी झाली तर झोपून बघू म्हणायचं नाही, सरळ दवाखाना.

केंड मासा गळाला लागतो, बाहेर काढला की फुगून चेंडू होतो, तोंडाला पोपटासारखे दात. त्याचं विष प्राणघातक आहे, कापायला पण घेऊ नका, गळ सोडवून परत टाका. खडकांतले रंगीबेरंगी छोटे खेकडे नकोत. टोकदार शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख हातात धरू नका, त्यातल्या काही जाती डंख मारतात. वाळूत उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर ती निघून जाते. पाकटीचा किंवा शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा, त्यानं वेदना खूप कमी होते, आणि मग डॉक्टर. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा समुद्री साप दिसला तर फक्त लांब राहायचं.

कायद्याचं पण सांगतो. कासवांची अंडी, प्रवाळ, समुद्री काकडी, समुद्रघोडा आणि कित्येक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेला शंख दिसला तरी जागेवर ठेवा. कांदळवन तोडायचं नाही, एक काठी पण नाही. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, तिकडं गेलात तर आधी वनखात्याला विचारा. आणि कायद्यात नसलेलं एक, जिथं गावच्या बायका शिंपल्या काढतात ती त्यांची रोजीरोटी आहे. तिथं आपण बादली घेऊन उतरायचं नाही, त्यांच्याकडनं विकत घ्यायच्या आणि कसं काढतात ते बघायला परवानगी मागायची. मला जे येतं ते सगळं असं विकत घेता घेताच शिकवलं गेलंय.

तिसऱ्या

तिसऱ्या म्हणजे वाळूत पुरून राहणाऱ्या लहान शिंपल्या. सुरुवात इथनंच करा, कारण यात ओळख चुकायची भीती कमी आणि जागा सुरक्षित, खडक नाहीत. ओली, घट्ट, जरा चिखलमिश्र वाळू शोधायची, जिथं पाणी नुकतंच उतरलंय. वाळूवर बारीक भोकं दिसतात, कधी जोडीजोडीनं. नारळाच्या करवंटीनं चार बोटं खोल उकरायचं, कडक लागलं की बोटानं काढायचं. गुडघाभर पाण्यात असाल तर टाचेनं वाळू घोळायची, तळपायाला गुळगुळीत खडा लागतो तीच तिसरी. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान असेल तर परत पुरायची.

दोन माणसांना किलोभर पुरतात, त्यातनं मांस मूठ-दीड मूठच निघतं हे खरं, पण रस्सा चवीचा होतो. यापेक्षा जास्त काढून बोटीवर ठेवायची जागाच नसते.

आता वाळू काढणं. इथं आपले लोक घाई करतात आणि मग पहिल्याच घासाला दाताखाली कचकच. तिसऱ्या स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवायच्या, गोड्या पाण्यात नाही, गोड्या पाण्यात त्या तोंड मिटून बसतात किंवा मरतात. पसरट भांड्यात, वर जेमतेम दोन बोटं पाणी, ओलं गोणपाट टाकून सावलीत. त्या नळ्या बाहेर काढतात आणि पिचकाऱ्या मारतात, वाळू खाली बसते. दर दोन तासांनी पाणी बदलायचं कारण पाण्यातला प्राणवायू संपतो. चार तास तरी द्या, सकाळी आठला काढल्या तर दुपारी एकला चुलीवर.

शिजवायच्या आधी एकेक हातात घ्यायची. उघडी असेल तर टिचकी मारायची, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेकायची. फुटलेली फेकायची. फार जड लागणारी असेल तर ती नुसत्या चिखलानं भरलेली असू शकते, एकच अशी भांड्यात गेली तर सगळा रस्सा गेला.

पातेल्यात अर्धी वाटी पाणी, तिसऱ्या, झाकण, मोठी आच. चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात. उघडल्या की अजून पाच मिनिटं उकळू द्यायच्या, नुसत्या उघडल्या म्हणजे शिजल्या असं नाही. ज्या उघडल्याच नाहीत त्या फोडून बघायच्या नाहीत, टाकायच्या. पाणी फडक्यातनं गाळून ठेवायचं, खाली बारीक वाळू असते म्हणून शेवटचा घोट सोडून द्यायचा. एका बाजूचा रिकामा शिंपला काढून टाकायचा.

कुकरच्या भांड्यात दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या, तांबूस झाला की दोन कांदे बारीक चिरून, कांदा पूर्ण मऊ होईपर्यंत थांबा. हळद, दीड चमचा कांदा-लसूण चटणी, भाजून चुरलेलं सुकं खोबरं दोन मुठी. आता ते गाळलेलं पाणी थोडं थोडं घालत मसाला शिजवायचा, मग तिसऱ्या, तीन-चार आमसुलं, झाकण, पाच मिनिटं. मीठ शेवटी चाखून, बहुतेक वेळा लागतच नाही. कोकणातले लोक ओलं खोबरं घालतात आणि ते फारच छान लागतं, पण आपली काळपट तिखट चटणी आणि भाजलेलं सुकं खोबरं या तिसऱ्यांच्या गोडसर पाण्यात जे काही करतं ते मी दुसऱ्या कशात खाल्लेलं नाही. शाळूची भाकरी मोडून त्यात कुस्करायची.

कालवं आणि शिनाणे

ही खडकावरची. कालवं दगडाला इतकी चिकटलेली असतात की नवख्या माणसाला ती दगडच वाटतात. सगळं कालव उपटायचं नाही, वरचं झाकण टोकदार हातोड्यानं एका बाजूनं हलकेच फोडायचं, सुरीनं आतलं मांस वाटीत, खालचा शिंपला दगडावरच राहू द्यायचा, त्याच्यावर पुढची पिढी चिकटते. हातमोज्याशिवाय हात घालू नका. कालवाची धार ब्लेडसारखी असते आणि कोमट समुद्राच्या पाण्यातले जंतू जखमेतनं आत गेले तर वाढत जातात. कापलं तर गोड्या पाण्यानं आणि साबणानं लगेच धुवा, सूज पसरायला लागली तर वाट बघू नका. ज्यांना साखरेचा किंवा लिव्हरचा त्रास आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला करू द्यावं आणि कालवं कच्ची तर कुणीच खाऊ नयेत.

शिनाणे म्हणजे हिरवट कडेचे लांबट शिंपले, खडकाला दोऱ्यांसारख्या केसांनी धरून झुबक्यानं असतात. झुबक्यातले मोठे तेवढे पिरगळून काढायचे, अख्खा झुबका सोलायचा नाही. दाढीसारखे केस शिजवायच्या आधी ओढून काढायचे. बाकी सगळं तिसऱ्यांसारखंच, फक्त मांस जास्त म्हणून पाच-सहा मिनिटं जास्त.

कालवांचं मी एकच करतो. मांस दोनदा धुऊन, बोटांनी चाचपून शिंपल्याचे तुकडे काढून, लसूण-हळद-चटणीवर परतून, त्यात मूठभर भिजवलेली तूरडाळ टाकून कुकरला दोन शिट्ट्या. डाळकालवं. असं कोकणात करताना मी कुणाला बघितलं नाही, आमच्याकडं डाळीत मेथी घालतात तसं सुचलं आणि जमलं.

चिंबोरी

लहानपणी येरळेला पाणी असायचं तेव्हा दगडाखालचे खेकडे धरायचो, त्यामुळं मला वाटलं हे आपल्याला येतं. खाडीतली चिंबोरी वेगळीच चीज आहे, तिची नांगी बोट मोडू शकते. बिळात हात घालणं हे तिथल्या जाणत्यांचं काम. आपण सोपं करायचं, लोखंडी कडीला जाळी बांधून मधोमध माशाचं डोकं, दोरीनं बोटीवरनं खाली सोडायचं, वीस मिनिटांनी एका दमात सरळ वर ओढायचं. खाडी स्वच्छ आहे का ते काठच्या माणसाला विचारल्याशिवाय नाही. पोटाखाली अंडी धरलेली मादी असेल किंवा तळहातापेक्षा लहान असेल तर परत सोडायची. तिकडं म्हणतात अवसेची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ, मला तरी बहुतेक वेळा तसंच आढळलंय.

मेलेली चिंबोरी कधीच शिजवायची नाही, फार लवकर खराब होते. नांग्या सुतळीनं बांधून ओल्या गोणपाटात सावलीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत जिवंत राहते. मारताना तिला तडफडत उकळत्या पाण्यात टाकू नका, उलटी करून पोटावरच्या त्रिकोणी पट्टीखाली सुरीचं टोक एकदम घालायचं, क्षणात शांत होते. मग पाठ उघडायची, दोन्ही बाजूची पांढरी पिसं आणि तोंडाजवळची पिशवी काढून टाकायची, पिवळं असेल ते ठेवायचं.

बारीक पाय पाटा नसल्यामुळं मी जाड पिशवीत घालून हातोड्यानं ठेचतो, पाणी घालून पिळून गाळतो, तोच रस्स्याचा जीव. कांदा आणि सुकं खोबरं आचेवर काळसर भाजून, लसूण-आल्याबरोबर ठेचून, तेलात परतायचं, चटणी, मग तो गाळलेला रस, मग चिंबोरीचे तुकडे आणि नांग्या जरा फोडून. वीस मिनिटं चांगलं उकळायचं. दाटपणाला आमच्या घरी खेकड्याच्या रस्स्याला चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावतात, तेच इथं लावा. थंडीच्या रात्री डेकवर बसून हा रस्सा वाटीनं प्यायचा, भात नंतर.

गळ आणि हिरवं

भांगाच्या दिवसांत गळ. खाडीच्या तोंडाशी बोईट, पालू असं काही ना काही लागतं. बर्फ नसतो म्हणून नियम कडक: मासा वर आला की लगेच मारायचा, कल्ल्याखाली कापून रक्त जाऊ द्यायचं, पोट साफ, आणि दोन तासांच्या आत चुलीवर. बांगडा किंवा कुप्यासारखा काळसर मांसाचा मासा उन्हात राहिला तर त्यात असा पदार्थ तयार होतो जो तळूनही जात नाही, तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. बोईट मात्र फार गुणी मासा. आडव्या चिरा देऊन, मीठ-हळद-चटणी-आमसुलाचं पाणी चोळून, थेंबभर तेलावर झाकण ठेवून भाजायचा, तळायला तेल उधळायचं नाही कारण हलत्या बोटीत गरम तेलाची कढई ठेवणं चुकीचंच आहे.

हिरव्याची आठवण चौथ्या दिवशी येते. वाळूच्या वरच्या अंगाला, भरतीच्या रेषेपाशी, आपल्या घोळीसारखी जाड पानांची आणि लालसर देठांची वेल पसरलेली असते, फुलं बारीक जांभळट गुलाबी. कोवळे शेंडे खुडून, उकळून ते खारट पाणी टाकून, परत उकळून मग लसणावर परतायची, डाळीत पण चालते. घोळ हाताखालून गेलेली असेल त्याला ओळखायला सोपी, पण पहिल्यांदा तिथल्या माणसाला दाखवूनच घ्या. आणि डिसेंबर ते मार्च खडकांवर पातळ हिरव्या कागदासारखं शेवाळ येतं, पोपटी, पारदर्शक, कोथिंबिरीच्या पानापेक्षा मऊ. वाहून आलेलं घ्यायचं नाही, खडकाला लागलेलं, स्वच्छ पाण्यातलं, कात्रीनं वरचं वरचं कापायचं. चार पाण्यांतनं धुऊन, बारीक चिरून, बेसनात कांद्याबरोबर, तव्यावर थापून थालीपिठासारखं. मीठ घालायचं नाही. कोकणात हे फारसं कुणी खात नाही, मला आवडतं.

करवंदं, कैऱ्या, काजूची बोंडं एप्रिलमध्ये खुणावतात, पण किनाऱ्यावरच्या प्रत्येक झाडाला मालक आहे. विचारलं तर पिशवी भरून देतात.

शेवटच्या दोन दिवसांत बोईट जास्त मिळाले तर घरी न्यायला खारवून ठेवतो. पोटातनं उघडून सपाट करायचा, काटा काढायचा नाही, चार माशांना एक या वजनानं जाड मीठ दाबून चोळायचं, रात्रभर तिरक्या ताटात ठेवायचा म्हणजे पाणी निथळतं, सकाळी समुद्राच्या पाण्यात झटकन बुडवून बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या दांडीला) सुतळीनं टांगायचा, वर मच्छरदाणीचा तुकडा. दोन दिवस कडक ऊन आणि वारा लागला की चामड्यासारखा होतो. संध्याकाळी दव पडायच्या आत खाली घ्यायचा. मग कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, चिपळूणहून एसटीनं कराड, कराडहून विटा. घरी अर्धा तास गोड्या पाण्यात ठेवायचा, पाणी एकदा बदलायचं, आणि तव्यावर लसणाच्या पाकळ्यांबरोबर खरपूस.